‘श्वास तर सगळेच २० लिहितात’

ताई, मी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. गाव इंदापूरकडचं, इथं हॉस्टेलवर राहते. पुढच्या महिन्यात हेल्थ असेसमेंटचं प्रॅक्टिकल आहे. चेकलिस्ट पाठ आहे, लॅबमध्ये डमीवर सगळं जमतं. वॉर्डात खऱ्या पेशंटजवळ गेलं की हात थरथरतात आणि पुढची स्टेप आठवत नाही. खरं सांगायचं तर बीपी घेताना मला आवाजच ऐकू येत नाही. मॅडम विचारतात, ‘आला का आवाज?’ सगळ्या हो म्हणतात, म्हणून मीही हो म्हणते. मागच्या आठवड्यात चौदा नंबरच्या आजींचं बीपी मी १३०/८० लिहिलं. ते मी घेतलेलंच नव्हतं, आधीच्या ड्युटीचं बघून लिहिलं. श्वास तर सगळेच २० लिहितात. पुरुष पेशंटच्या छातीला, पोटाला हात लावायची लाज वाटते. त्या १३०/८० पासून मला नीट झोप नाही. मी या लाइनला चुकून आले का?
– दुसऱ्या सेमिस्टरची, पुणे

बाळा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. चुकून आलेल्या मुलींची न घेतलेल्या बीपीनं झोप उडत नाही.

हात थरथरणं, लाज, चेकलिस्ट, सगळ्याकडं येते. पण तुझ्या पत्रात एक वाक्य तू जाता जाता टाकलंयस आणि मी तिथंच अडकले. ‘श्वास तर सगळेच २० लिहितात.’ मी तीसहून जास्त वर्षं वॉर्डात आणि नंतर वर्गात काढली, हे वाक्य मला नवीन नाही. कुठलाही टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, उघड. ताप वरखाली होतो, नाडी हलते, श्वासाचा रकाना मात्र पट्टीनं आखल्यासारखा. चाळीस पेशंट, कुणी झोपलेलं, कुणी दमेकरी, कुणाचं काल ऑपरेशन झालेलं, आणि सगळ्यांचे श्वास २०. एवढा एक ताल गणपतीतल्या ढोलपथकालाही जमत नाही.

२० च का? कारण मोठ्या माणसाचा शांत असताना श्वास मिनिटाला १२ ते २० असतो असं पुस्तकात आहे आणि २० लिहिलं की कुणी काही विचारत नाही. आता हे बघ. इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय का हे वेळीच कळावं म्हणून गुण देण्याची एक पद्धत आणली, ‘न्यूज’ म्हणतात तिला. २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर दोन, २५ किंवा वर गेला तर तीन. गुण जितके जास्त तितकी धावपळ जास्त. म्हणजे न मोजता २० लिहिणारीनं प्रत्यक्षात काय लिहिलं? ‘या पेशंटला श्वासाचा काही धोका नाही’, तेही सहीनिशी.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. हॉस्पिटलचं नाव नको. बायकांचा सर्जिकल वॉर्ड, नाइट ड्युटी. अकरा नंबरला पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेली एक बाई. चार्टवर रात्री नऊला २०, बाराला २०, तीनला २०. तीनचा तो २० माझ्या अक्षरात आहे. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून मी वरचा आकडा खाली उतरवला. बाई उशीला टेकून बसून होत्या. तीन वाजता माणूस बसून का आहे, हे विचारायचं सोडून मी ‘झोपा आता’ म्हणाले आणि पुढं गेले. पाचच्या सुमाराला वॉर्डातल्या मावशी हातात पॉट घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, ‘सिस्टर, अकरा नंबर बोलताना थांबतीय.’ मावशींना टीपीआर कळत नव्हता. त्यांना एवढं कळलं होतं की संध्याकाळी ही बाई सुनेच्या तक्रारी सलग सांगत होती आणि आता दोन शब्दांवर दम घेतेय. मी घड्याळ धरलं आणि त्या रात्री पहिल्यांदा मोजलं. ३६.

फुप्फुसांच्या तळाशी न्यूमोनिया भरत आला होता. बाई वाचल्या, त्या मावशींमुळे. सकाळी सर्जननी चार्ट माझ्यापुढं धरला. ‘तीनला २० आणि पाचला ३६?’ एवढंच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर तुझा अभ्यास श्वासापासून सुरू कर. स्टेथोस्कोप लागत नाही, मशीन लागत नाही, सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागतं. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण एका श्वासाची चूक गुणून चार होते. आणि ‘आजी, आता तुमचा श्वास मोजते हं’ असं म्हणायचं नाही. कुणाला श्वासाची आठवण करून दिली की त्याचा श्वास बदलतो. तुझ्यावरच करून बघ. म्हणून आम्ही काय करायचो, मनगट धरून नाडी मोजायची, आणि ती मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय. तुझी नजर छातीवर. गोधडी गळ्यापर्यंत ओढली असेल तर तिचाच हात तिच्या पोटावर ठेव, हात वरखाली होताना दिसतो. मोजताना आणखी चार गोष्टी फुकट दिसतात: श्वास उथळ आहे का, नाकपुड्या फुलतायत का, मानेचे स्नायू ओढले जातायत का, बोलताना वाक्य तुटतंय का. लहान मुलाच्या बाबतीत झबलं वर करून पोट बघायचं, मूल रडत नसताना. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षं ४०. आकडा इथं पोहोचला की त्याला जलद श्वास म्हणायचं. हे तुला पुढं कम्युनिटी पोस्टिंगला रोज लागणार आहे.

आता बीपी. तुला आवाज येत नाही, हे तू मला लिहिलंस आणि मॅडमना सांगितलं नाहीस. ‘आला का?’ ‘हो मॅडम’ करणाऱ्या तुमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलींना तो आला नसणार, हे मॅडमनाही माहीत असतं. त्यांना म्हण, ‘मॅडम, मला येत नाही, दोन कानांच्या जोड्या असलेला स्टेथो आहे का?’ बहुतेक कॉलेजच्या कपाटात तो टीचिंग स्टेथोस्कोप पडून असतो. एकाच वेळी त्या आणि तू ऐकता, पहिला ठोका आला की त्या तुझ्या हाताला टिचकी मारतात. एका दुपारचं काम आहे.

तोवर एकेक तपासून बघ. कानात जाणारी टोकं पुढं, नाकाच्या दिशेनं झुकलेली हवीत. उलटी घातली तर ती कानाच्या भिंतीवर टेकतात आणि आवाज मरतो. हसू नकोस, मी इंटर्नना उलटी घालून राउंड घेताना पाहिलंय. चकती फिरणारी असेल तर बोटानं हलकं टकटक करून बघ, कोणती बाजू चालू आहे. कोपराच्या खळग्यात मधोमध ठेवू नकोस, करंगळीच्या बाजूला थोडं आत ये, बोटानं ठोका चाचप आणि तिथंच चकती ठेव. कफच्या, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या, खाली कोंबू नकोस. हवा सोडायची झडप एकदम सोडू नकोस. काटा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरनं उतरला पाहिजे. नवीन मुलगी घाबरून झडप सोडते, काटा सुसाट खाली येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्येच तीस अंक निघून जातात. तुझं बहुतेक इथंच चुकतंय.

आणि ऐकायच्या आधी बोटांनी घे. मनगटावर नाडी धर, कफ फुगव, नाडी बोटाखालून नाहीशी झाली तो आकडा लक्षात ठेव. हवा सोड, मिनिटभर थांब. मग त्या आकड्याच्या ३० वर फुगव आणि ऐकत खाली ये. पहिला स्पष्ट ठोका वरचा आकडा, ठोके नाहीसे झाले तो खालचा. यात एक फायदा असाही की काही म्हाताऱ्या, बीपी जास्त असलेल्या पेशंटमध्ये ठोके वर एकदा सुरू होतात, मध्येच गायब होतात आणि खाली परत येतात. अंदाजानं १६० पर्यंतच फुगवलंस तर १९० वाली आजी तुला १५० ची वाटेल. बोटं फसत नाहीत.

पेशंटचं बसणंही बघायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात छातीच्या पातळीला कशावर तरी टेकवलेला, पाच मिनिटं शांत, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. लघवी तुंबलेली नको. हात लोंबकळता ठेवला तर बीपी खोटंच जास्त येतं, लहान कफ जाड दंडाला बांधला तरी तसंच. कफच्या आतल्या रबरी पिशवीनं दंडाचा ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. आपल्याकडची खास चूक म्हणजे ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून दंडाला करकचून बसवायची आणि त्याखाली कफ बांधायचा. पडदा ओढ, बाही काढायला सांग. आणि एक पुणेरी चूक: बीपी घेताना आजोबा ‘मशीन कॅलिब्रेट कधी केलंय?’ विचारतात आणि आपण उत्तर देत बसतो. बोलण्यानंही बीपी वाढतं. म्हणायचं, ‘काका, झालं की सांगते.’ मात्र त्यांचा प्रश्न बरोबर आहे. पाऱ्याचं बीपी यंत्र आता जगभरात बंद होत चाललंय, पाऱ्याचा वापर आटोक्यात आणायच्या मिनामाता कराराचं नाव तू ऐकलं असशील. आपल्या हातात घड्याळासारखा काटा असलेलं यंत्र येतं. कफ रिकामा असताना काटा शून्यावर नसेल तर ते यंत्र बाजूला ठेव.

लाजेचं मात्र मला लांबून बोलता येत नाही, कारण मीही लाजले होते. तुला एक गंमत सांगते. तुझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप लाजेतूनच जन्मलाय. १८१६ मध्ये पॅरिसला लेनेक नावाचे डॉक्टर हृदयाच्या दुखण्याच्या एका तरुण बाईला तपासत होते. तेव्हाची रीत म्हणजे छातीला सरळ कान लावायचा. बाई तरुण, अंगानं स्थूल. त्यांना ते प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला, दुसरं कानाला. आवाज कान लावून यायचा त्याहून स्पष्ट आला. लाज वाटली म्हणून त्यांनी तपासणं टाळलं नाही, वाट काढली.

तूही काढ. हात लावायच्या आधी काय करणार ते सांग आणि विचार. ‘दादा, पोट तपासायचंय, शर्ट वर करता का?’ आवाज रोजचा ठेव. तू चोरट्यासारखी पुटपुटलीस तर तोही अवघडतो. जेवढं बघायचंय तेवढंच उघडं, बाकी चादरीखाली. हात चोळून गरम कर, थंड हात पोटाला लागला की पोट आक्रसतं. एकटीला नको वाटत असेल तर मैत्रिणीला नाहीतर स्टाफला शेजारी उभं कर. त्यात कमीपणा नाही, नियमच तसा असावा. आणि एखादा पेशंट मुद्दाम काही बोलला किंवा त्याचा हात कुठं गेला, तर तिथून निघायचं आणि इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. ते सहन करणं अभ्यासक्रमात नाही.

पालखीच्या वेळी तुमच्या कॉलेजचा वैद्यकीय मदतीचा कँप असेल तर चुकवू नकोस. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते आणि सगळ्या पेठा पायांनी भरून जातात. तिथं मी विद्यार्थिनींना फक्त पाय बघायला बसवायचे. साठीचा वारकरी खुर्चीवर बसतो, आपण खाली. आपण पायाला हात लावला की तो गडबडतो, ‘अहो माऊली, तुम्ही नको’ म्हणून पाय मागं घेतो. त्याला वाटतं आपण त्याच्या पाया पडतोय. मग हसत पाय पुढं ओढून घ्यायचा, तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या, पावलावरची नाडी चाचपायची. एकदा एका मुलीनं मला हाक मारली. बाबांच्या टाचेजवळ रुपयाएवढा फोड फुटलेला, आत वाळू. ‘दुखत नाही का?’ म्हटलं तर म्हणाले, ‘छे, विठ्ठलाची कृपा.’ शुगर किती वर्षं आहे विचारल्यावर बारा सांगितली. बारीक नायलॉनचा तंतू, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो तो, तळव्याला लावला तर डोळे मिटून बसलेल्या बाबांना कळलंच नाही. न दुखणारी जखम सगळ्यात वाईट, हे ती मुलगी वर्गात चार वेळा शिकली होती. तिला ते कळलं नाना पेठेत, फुटपाथवर.

दुखण्यावरून आठवलं. तुमच्या फॉर्मवर वेदनेचा प्रकार लिहायला इंग्रजी शब्द दिलेले असतात आणि तुम्ही पेशंटला त्यांचं भाषांतर करून विचारता: ‘वेदना तीक्ष्ण आहे की बोथट?’ चौदा नंबरच्या आजी काय सांगणार? त्यांच्याकडं तुझ्या फॉर्मपेक्षा जास्त शब्द आहेत, ते बाहेर येऊ देत. पोटात कळ येते म्हणजे येते आणि जाते. मुरडा येतो म्हणजे संडासशी संबंध आहे का विचारायचं. गळवाला ठणका लागतो, ठसठसतं, त्यात नाडीबरोबर ठोके असतात. कमरेत उसण भरते, दिवसभर वाकून पायांना रग लागते, दाढेतून चमक जाते, तळव्यांची आग होते, पायांना मुंग्या येतात. ‘छातीत भरून आल्यासारखं’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं’ हे ऐकलंस की बाकीचा फॉर्म राहू दे, स्टाफला हाक मार. ‘गॅस झालाय’ म्हणाले तरी, घाम आला असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, तर तू गॅस लिहू नकोस. शुगरवाल्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं होऊनही हृदयविकाराचा झटका असू शकतो. फाइलमध्ये इंग्रजीत लिही, शेजारी पेशंटचा शब्द अवतरणात जसाच्या तसा ठेव. बायका ‘अंगावरून जातंय’ म्हणतात तेव्हा मात्र विचारून घे, पांढरं की लाल, आणि दिवसाला किती घड्या लागतात. तिथं लाजलीस तर ती बाई तुझ्यासमोर पांढरी पडत जाईल आणि तुला कळणार नाही.

पांढरी पडणं, निळं पडणं, पिवळं होणं हे पुस्तकातल्या गोऱ्या कातडीच्या फोटोंवरून शिकू नकोस. आपल्या लोकांत गालावर काही दिसत नाही. खालची पापणी ओढून बघ, जीभ बघ, तळहाताच्या रेषा बघ, नखं बघ. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि दिवसाच्या उजेडात. वॉर्डातल्या जुनाट ट्यूबखाली अर्धा वॉर्ड पिवळा दिसतो, म्हणून पेशंटला खिडकीशी ने. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही एक लक्षात ठेव: सावळ्या-काळ्या कातडीवर तो कधी कधी असतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी तिथल्या औषध प्रशासनानं तशी सूचनाही काढली. नखावर गडद पॉलिश किंवा काळी मेंदी असेल, हात गार पडले असतील, तरी तो गोंधळतो. मशीन ९५ म्हणतंय आणि माणूस दम घेत बसून आहे, तर माणसाचं ऐक.

ठोकून बघणं, म्हणजे परकशन, बहुतेकींना येत नाही आणि परीक्षेत त्या नुसती बोटं आपटतात. हे शिकायला तुला डमीही नको. कसब्यात कुंभारवाड्यात माठ घेताना आजी टिचकी मारून बघते ना? व्हिएन्नाच्या आवेनब्रुगर या डॉक्टरांनी १७६१ मध्ये छाती ठोकून बघायची पद्धत मांडली. त्यांचे वडील खानावळवाले. पिपात दारू कुठपर्यंत आहे हे बाहेरून ठोकून कळतं, हे त्या घरातलं रोजचं ज्ञान. तू हॉस्टेलच्या किचनमधला तांदळाचा डबा घे, डोळे मीट, डाव्या हाताचं मधलं बोट डब्याला चिकटवून ठेव, बाकीची उचललेली, आणि त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकानं, कोपरातून नव्हे, मनगटातून ठोक. वरून खाली येताना आवाज जिथं बद्द होतो तिथं तांदूळ. मग झाकण काढून बघ. उजव्या छातीवर असंच वरून खाली आलीस की घुमणारा आवाज जिथं बद्द होतो तिथं यकृत सुरू.

पोटाचा क्रम उलटा आहे हे तुला माहीत असेल, तरी प्रॅक्टिकलला निम्म्या मुली तिथं मार्क घालवतात. बघायचं, मग ऐकायचं, मग ठोकायचं, हात सगळ्यात शेवटी. आधी दाबलंस तर आतड्यांचे आवाज बदलतात. गुडघे वाकवून घे म्हणजे पोट सैल पडतं. दुखतं कुठं ते आधी विचार आणि तो कोपरा शेवटी ठेव. दाबताना नजर पोटावर नको, चेहऱ्यावर. ‘दुखत नाही’ म्हणणाऱ्या काकांच्या भुवया सांगतात.

चेकलिस्ट आठवत नाही, कारण ती कागदाच्या क्रमानं पाठ केलीयस. पेशंटच्या हालचालीच्या क्रमानं लाव. दारातून पलंगापर्यंत जाताना जे दिसतं ते आधी: बसलाय की आडवा, चेहरा, श्वास, वास, नळ्या, उशाशी काय ठेवलंय. मग बसलेला असताना डोकं, डोळे, तोंड, मान, आणि पाठीमागून फुप्फुसं. दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आळीपाळीनं ऐक, उघड्या अंगावर, तोंडानं श्वास घ्यायला सांगून, म्हाताऱ्यांना मध्ये थांबू दे नाहीतर चक्कर येते. मग आडवं करून हृदय, पोट, पाय. नडगीवर पाच सेकंद दाबून खळगा राहतो का. शेवटी उभं राहता, चालता येत असेल तर चाल. एकाच माणसाला तीनदा उठवलं-झोपवलं नाहीस तर परीक्षकाला न विचारता कळतं की ही मुलगी वॉर्डात काम केलेली आहे. मध्ये विसरलंस तर थांब, पेशंटकडं बघ, जे राहिलं ते नंतर कर आणि तसं सांग. डमीवर हात थरथरत नाही कारण डमीचं काही बिघडत नाही. थरथर राहू दे काही दिवस.

आणि ‘लिहून टाक गं २०’ म्हणणाऱ्या स्टाफवर चिडू नकोस. रात्री चाळीस पेशंटना एकच सिस्टर असेल तर चाळीस मिनिटं तिनं आणायची कुठून? तो प्रश्न आकडे बनवून झाकला जातो, म्हणूनच तो कुणाला दिसत नाही. पण तू विद्यार्थिनी आहेस, तुला दोन-तीन पेशंट दिलेले असतात. तुला तेवढी मिनिटं आहेत. जे मोजलं नाही तो रकाना रिकामा ठेव, ओरडा खा. रिकामा रकाना बघून दुसरी कुणीतरी मोजेल, २० बघून कुणी मोजणार नाही.

राहता राहिलं ते १३०/८०. आजी अजून चौदा नंबरला असतील तर उद्या सकाळी ओव्हर, म्हणजे ड्युटीची अदलाबदल, झाल्यावर त्यांच्याकडं जा. चहा झाला असेल तर अर्धा तास थांब, तोवर गप्पा मार, श्वास मोजून घे. मग बाही काढून, हात टेकवून, आधी बोटांनी, मग कानांनी. नीट ऐकू आलं नाही तर स्टाफला बोलाव आणि म्हण, ‘मला येत नाही, बघता का?’ जो आकडा येईल तो उद्याच्या तारखेनं आणि वेळेनं लिही. मागच्या आठवड्याच्या आकड्यावर व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचा नाही. मॅडमकडं जाऊन सांग की तो मी घेतलेला नव्हता. त्या दाखवतील तसं: त्यावर वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी तारीख आणि सही. मॅडम रागावतील. कदाचित तुझी केस परत लिहायला लावतील. लिही. आजींना मात्र बीपी किती आलं ते सांग, त्या विचारतीलच.